पुंजाजी पाटलाचा आवाज

अमरावती,
७ ऑगस्ट १९६०

ती. शेषराव भाऊजींस भगवंताचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, माझ्यावर अन्याय झाला आहे आणि तो तुमच्या घराण्याकडून झाला आहे.

नागपूरच्या रेडिओ केंद्राची दिनचर्या मला तोंडपाठ आहे. आयुष्यभर पोरांकडून संस्कृतचे शब्द चालवून घेणाऱ्या मास्तराला एवढे जमायलाच हवे. सकाळी सनई, मग भक्तिगीते, मग दिल्लीहून बातम्या. दुपारी बायकांसाठी लोणची आणि तान्ह्या मुलांचे दात. संध्याकाळी साडेसहाला शेतकऱ्यांसाठी पंधरा मिनिटे, आणि पावणेसातला संस्कृत वाङ्मयावर कोणा विद्वानाचे भाषण, तेही पंधराच मिनिटे. चोवीस तासांत या गरिबाने मागितले ते एवढेच. उरलेला दिवस मी बाजारभावांना, पावसाच्या अंदाजाला आणि सतारीला विनातक्रार दिलेला होता.

गेल्या महिन्यापासून शेतकऱ्यांचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा झाला आणि संस्कृत गेले भर दुपारी. म्हणजे देशातले यच्चयावत संस्कृत मास्तर वर्गात उभे असतात, त्या वेळी. आता ते भाषण ऐकायला नागपूरपासून बुलढाण्यापर्यंत कोण मोकळे असते, याचा शोध मी अजून घेतो आहे.

माझ्या पंधरा मिनिटांत आता पुंजाजी पाटील नावाचे एक गृहस्थ बसतात. हे कोणी खरे पाटील नव्हेत, कार्यक्रमापुरते केलेले पात्र आहे. शेतकऱ्यांची पत्रे येतात, पुंजाजी ती वाचतात आणि उत्तरे देतात. आधी खाकरतात. मग "हं, तं आयका" म्हणतात. मग उत्तर द्यायच्या आधी विचारणाऱ्याला झाडतात, की हे तुले जेठात सुचलं नाही काय. पहिल्या दिवशी खाकरणे ऐकले आणि मी खुर्चीतून उठून दाराकडे गेलो. सौ. जमुना पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "बसा. भाऊजी बाहेर नाहीत, पेटीत आहेत."

तो आवाज सूर्यभानचा आहे. तुमच्या चिरंजीवाचा. वय पंचवीस, डोक्यात एक पांढरा केस नाही, आणि आवाज साठीतल्या शेषराव पाटलाचा. दोन वर्षांपूर्वी तो बी.ए. झाला, शेतीवर यायचे सोडून त्याने रेडिओची नोकरी धरली, आणि तुम्ही ओसरीत उभे राहून त्याला "पुन्हा तोंड दाखवू नको" म्हणालात. मी साक्षीदार आहे. मुलाने आज्ञा अक्षरशः पाळली. तोंड न दाखवता करता येईल अशी सरकारात एकच नोकरी आहे, तीच त्याने घट्ट धरून ठेवली.

माझी विनंती अल्प आहे. त्याला एक ओळ लिहा, की बाबा, माझा आवाज खुशाल वापर, पण मामाची पंधरा मिनिटे परत कर. मीच लिहिले असते. पण पुंजाजी पाटील माझे काही ऐकत नाहीत, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

बाईस धाकट्या भावाचा नमस्कार.

आपला,
भगवंत


अकोला, जुने शहर,
२९ ऑगस्ट १९६०

भगवंतराव मास्तरास शेषरावचा आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. अर्धं मले समजलं, अर्धं तुमच्या बहिनीनं समजावून सांगतलं. शेतकऱ्याच्या पोटी जन्म घेऊन तुमी हे असं लिहायले कोठी शिकले, हे तुमच्या बापालेबी कळलं नव्हतं.

माह्या घरात रेडिओ नाही अन् येनारबी नाही. पन तुमी असं लिहिल्यावर खातरी केल्याबिगर कसं राहावं. म्हनून पोळ्याच्या आधी बाजारात गेलतो, तवा महादेवरावच्या अडतीवर बसलो. तथी रेडिओ हाये. सरकीचा भाव ऐकायले संध्याकाळी दहा-पंधरा मानूस जमते. तुमच्या त्या पुंजाजीनं खाकरलं अन् सारे लोक आधी माह्याकडे पाहून राहिले, मंग पेटीकडे. महादेवराव म्हने, पाटील, अथी चहा पिऊन राहिले अन् तथीबी बोलून राहिले, दोन्हीकडची हजेरी कशी काय लावता. हसले सारे. मी चहा अर्धा ठेवला अन् निंगालो.

मास्तर, तुमाले हसू येते. येऊ द्या. तुमची पंधरा मिन्टं गेली, माही इज्जत गेली. ज्या पोराले वावरात पाय ठेवायची लाज वाटली, त्याले शेतकऱ्याचा आवाज काढायची लाज कशी नाही वाटत? बापाची नक्कल करून तो सरकारचा पगार खाऊन राहिला. दोन वर्सांत घरी एक चिठ्ठी नाही, अन् रोज संध्याकाळी साऱ्या वऱ्हाडाले माहा खाकरा ऐकवते.

त्याले लिहा का हे बंद कर. मी लिहिनार नाही.

बाकी बरं हाये. पोळ्याले बैलाच्या मांगं ओरडून घसा बसला, तो अजून उठला नाही. तुमची बहीन हळदीचं दूध देते. तिकडे तो माह्या आवाजात गरजून राहिला अन् इकडे मले वावराच्या धुऱ्यावरून नत्थुजीले हाक मारता येत नाही. सालदार मानूस, मालकानं हाक मारली नाही तं दिवसभर बिडी ओढत बसते.

जमुनाबाईले आशीर्वाद.

शेषराव


अमरावती,
११ सप्टेंबर १९६०

ती. भाऊजींस सा. न.

आपली आज्ञा मी नागपूरला पोचवली. प्रतिवादीचे म्हणणे असे आले आहे, ते मी शक्य तितके जसेच्या तसे देतो.

तो म्हणतो, ही नक्कल नाही. साहेबांनी त्याला एकदा बोलावून सांगितले की कार्यक्रमात एक म्हातारा शेतकरी पाहिजे, तू बोलून दाखव. त्याने तोंड उघडले आणि जे निघाले ते हे निघाले. त्याचे त्यालाच नवल वाटले. त्याने दुसरे आवाज काढून पाहिले, पण ते सगळे शहरातल्या माणसाने शेतकऱ्याचे सोंग घेतल्यासारखे येत होते. पुढे तो लिहितो, "मामा, मला दुसरा कोणी म्हातारा शेतकरी ठाऊकच नाही."

भाऊजी, मी व्याकरणाचा माणूस आहे, न्यायाधीश नव्हे. पण जमीन, विहीर आणि बैलजोडी यांशिवायही बापाकडून मुलाकडे काही जाते, आणि त्याची नोंद पटवाऱ्याच्या दप्तरात होत नाही. तुम्ही त्याला वावर देऊ केलेत, त्याने ते घेतले नाही. जे न विचारता घेतले, त्यावर तुम्ही आता चोरीची फिर्याद करता. ही केस उभी राहणार नाही.

बरे, तो तुमचा खाकरा ऐकवतो म्हणून तुम्ही रागावता, पण उत्तरे कशी देतो ते ऐकले नाहीत. परवा तिवशाच्या एका शेतकऱ्याने विचारले की बैल बसकण मारतो, काय करावे. पुंजाजींनी त्याला सांगितले की बैलाला मारू नको, आधी त्याच्या खुरात पाहा, मग त्याच्या पोटात पाहा, मग आरशात पाहा. हे वाक्य तुम्ही माझ्या लग्नात माझ्या वडिलांना ऐकवले होते. बैल तेव्हा आमचा होता.

आता घशाचे. चाळीस वर्षे दोन वावरांच्या अंतरावरून माणसे बोलावणाऱ्या घशाला थोडी रजा हवीच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा आणि सुपारी सोडा. तंबाखू सोडा असे लिहिणार होतो; पण अशक्य गोष्टी पत्रात लिहू नयेत. तरी पोळा होऊन तीन आठवडे होत आले. एकदा दवाखान्यात दाखवून या. मी सहज म्हणून सूर्यभानला तुमच्या घशाचे लिहिले, तर त्याने उलट टपाली दोनदा विचारले की किती दिवसांपासून. पुंजाजी पाटलांना एरवी इतकी चौकशी करताना मी ऐकलेले नाही.

आपला,
भगवंत


अकोला,
२ ऑक्टोबर १९६०

चि. भगवंतास बाईचा आशीर्वाद.

मी लिहून राहिली हे यांना माहीत नाही. हे अडतीवर गेले आहेत. तू आपल्या पत्रात गमती लिहितोस, त्या मी यांना वाचून दाखवते, आणि हे हसत नाहीत. आधी हसत होते.

घसा उठला नाही. भाकर उतरत नाही, कुसकरून दुधात द्यावी लागते. मी भांडून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लहानसा आरसा तोंडात घालून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं नाही, यांच्याच समोर सांगितलं. आत गाठ आहे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, तिथं कापावं लागेल. यांनी विचारलं, कापल्यावर बोलता येईल काय. डॉक्टर म्हणाले, आवाज राहील का नाही ते मी सांगू शकत नाही, पण उशीर केला नाही तर माणूस राहील.

घरी येऊन म्हणतात, नागपूरले जानार नाही. तिथं तो आहे. ज्याले तोंड दाखवू नको म्हनलं, त्याच्या दारात बिमार होऊन कसा जाऊ. मी म्हटलं, मग त्याला बोलावते. तर मला शपथ घातली की तू त्याला कळवायचं नाही.

रोज संध्याकाळी अडतीवर जातात. सरकीचा भाव ऐकायला जातो म्हणतात. यंदा आपल्याजवळ विकायला अजून बोंडं नाहीत. परत आले की ओसरीत बसून राहतात. परवा मी पाहिलं, हळूच खाकरून पाहत होते, त्याच्यासारखं येते काय म्हणून.

आणखी एक. यांनी रेडिओला कार्ड टाकलं. आपल्या नावानं नाही, नत्थुजीच्या नावानं. नत्थुजी घाबरून माझ्याकडे आला. म्हणे, बाई, माहं नाव सरकारी पेटीत बोलनार हायेत, मी काय केलं? त्याला लिहिता येत नाही हे सूर्यभानला लहानपणापासून माहीत आहे. यांना तेवढं सुचलं नाही, का सुचूनच टाकलं, मला सांगता येत नाही.

सूर्यभानला मी कळवू शकत नाही. तुला कोणी शपथ घातलेली नाही.

जमुनाला आशीर्वाद.

भागीरथा


अकोला, जुने शहर,
२६ ऑक्टोबर १९६०

भगवंतराव मास्तरास शेषरावचा आशीर्वाद.

तुमी दोघं बहीनभाऊ मिळून माह्या मांगं काय करता ते मले समजलं. दिवाळी होती म्हनून चार दिवस कोनाले बोललो नाही. तसंबी आता बोलनं होत नाही, म्हनून लिहितो.

होय, मी कार्ड टाकलं होतं. सरकारनं कार्यक्रम शेतकऱ्यासाठी केला, मी शेतकरी हावो. नत्थुजीच्या नावानं विचारलं का पऱ्हाटीचे पानं लाल पडून राहिले, काय करावं. अन् खाली आनखी एक विचारलं, का घरचं पोरगं शहरात जाऊन बसलं अन् मालक थकला, तं जमीन वर्साच्या ठोक्यानं दुसऱ्याले कसायले देऊन टाकावी काय. मले पाहायचं होतं तो काय सांगते. पुस्तकातलं सांगन, असं वाटलं होतं.

दिवाळीच्या आधी त्याचं उत्तर आलं. अडतीवर सारे होते. आधी खाकरला. मंग म्हने, नत्थुजी, पानं लाल पडले ते पान्यानं, वावरात पानी साचलं अशीन, चर काढ, हे तुले भादव्यात सुचलं नाही काय. बरोबर सांगतलं. पानी साचलंच होतं, चर मी यंदा काढलाच नाही, अंगात तेवढी ताकद नव्हती. मंग त्यानं दुसरा सवाल वाचला. महादेवरावनं हात वर करून साऱ्याले चूप केलं. अन् मंग माह्या आवाजात मले म्हने:

"जमीन ठोक्यानं देऊ नको. अन् नत्थुजी, तुह्या मालकाले सांग, घसा दुखते तं नागपूरले ये. तोंड दाखवायची मनाई पोराले हाये, मालकाले नाही."

या खेपेस कोनी हसलं नाही. लोकायनं माह्याकडे पाहिलंबी नाही, सारे आपापल्या जोड्याकडे पाहून राहिले. मी महादेवरावले पानी मागतलं. दोनदा मागतलं. त्याले ऐकू आलं नाही, हात लावून मागा लागलं.

मास्तर, तुमी म्हनता बापाकडून पोराले जाते. जाते तं जाऊ द्या, पन घेनाऱ्यानं निदान ज्याचं घेतलं त्याले हुकूम सोडू नये. मी साठ वर्सं या आवाजानं दुसऱ्यायले हुकूम केले. मले कोनी केला नाही. अन् पहिल्यांदा केला तं माह्याच आवाजानं केला. रागानं उठलो, पन काय बोलू? पेटीसंगं भांडाले आवाज नाही.

त्याले एवढा पुळका हाये तं यावं त्यानं. गाडी अकोल्याले थांबते. मी जानार नाही. तो आला नाही अन् मी गेलो, तं दोन वर्सं मी कायले भांडलो?

शेषराव


अमरावती,
३ नोव्हेंबर १९६०

ती. भाऊजींस साष्टांग नमस्कार.

तुम्ही बापलेकांनी मिळून मला पोस्टमन करून टाकले आहे, आणि पोस्टमनला निदान सरकारी छत्री मिळते. पूर्वपक्ष म्हणतो, त्याने यावे. उत्तरपक्ष म्हणतो, बाबांनी नुसते ये म्हणावे, मी रात्रीच्या गाडीने निघतो. पूर्वपक्ष ये म्हणत नाही, कारण मग दोन वर्षे कशाला भांडलो. उत्तरपक्ष न बोलावता येत नाही, कारण आज्ञा मोडली असे होईल. दोघांचा आवाज एक, हट्ट एक, आणि मध्ये मी. तीस वर्षे शास्त्रार्थ शिकवला, पण दोन्ही बाजूंनी एकच माणूस भांडतो असा वाद मी ग्रंथात पाहिलेला नाही.

कागदावर नसलेले ते वाक्य बोलल्याबद्दल सूर्यभानला साहेबांपुढे उभे राहावे लागले. त्याने कारण सांगितले. साहेब म्हणाले, वडिलांना कधी आणतोस? हे त्याने मला लिहिले आणि तुम्हाला कळवू नका असेही लिहिले. या घराण्यात प्रत्येक जण मला काहीतरी कळवू नका म्हणून कळवतो.

तेव्हा मी तुम्हाला कोणालाही न विचारता पुढीलप्रमाणे करून बसलो आहे. येत्या बुधवारी तुम्ही आणि बाई अकोल्याहून सकाळच्या गाडीत बसायचे. मी बडनेऱ्याला त्याच गाडीत चढेन. नागपूरला सूर्यभान फलाटावर असेल; त्याला 'बाबा ये म्हणाले' असे मी तुमच्या नावाने लिहून टाकले आहे. हे खोटे आहे. रागवायचे असेल तर गाडीत रागवा. वर्ध्यापर्यंत भरपूर वेळ आहे, आणि आवाज निघत नसेल तर पाटी-पेन्सिल मी बरोबर आणतो. दवाखान्याचे नाव-गाव त्याने लिहून ठेवले आहे. नत्थुजीला म्हणावे, आठ-पंधरा दिवस हाकेवाचून काम कर.

इथवर मी नेहमीसारखे लिहिले. तुम्हाला वाटेल, मास्तर गंमत करतो आहे, म्हणजे गोष्ट फार गंभीर नसावी. माझी ही खोड तुम्हाला माहीत आहे, आणि तिच्या आडून तुम्ही बुधवारी घरीच बसाल. म्हणून आता सरळ लिहितो.

बाईचे पत्र आल्यापासून आमच्या घरी रेडिओ लावते ती जमुना. पावणेसात वाजतात, खाकरणे ऐकू येते, आणि मी मागच्या खोलीत जाऊन वह्या तपासतो. परवा तिने विचारले, आता का ऐकत नाही. मी म्हटले, काम आहे. काम नव्हते.

डॉक्टरांनी आवाजाचे सांगितले, त्याने मला फारसे काही वाटले नाही. तुम्ही न बोलता ओसरीत बसलात तरी आम्ही येऊन बसू. मला झोप लागत नाही ती दुसऱ्या गोष्टीने. तुम्ही त्याने यावे, त्याने यावे करत बसाल, आणि मग एक दिवस डॉक्टर म्हणतील की आता कापून उपयोग नाही. सूर्यभान नोकरीवर राहील. त्याला तोच आवाज येतो, तो दुसरा कुठून आणील? आणि माझ्या घरात रोज संध्याकाळी तुम्ही कुठल्या तरी शेतकऱ्याला झाडत असाल, धडधाकट, आणि बाई तिकडे एकटी असेल. ते मला ऐकवणार नाही, आणि बंदही करवणार नाही.

मी आजवर तुम्हाला कसला हुकूम केलेला नाही, आताही करत नाही. पण तुम्ही आला नाहीत तर मी काय करावे ते मला कळत नाही. मला फार भीती वाटते आहे, भाऊजी. बुधवारी गाडीत बसा.

आपला,
भगवंत